दफ्तरबदलाचा मुहूर्त

गृहबांधणीच्या धंद्यात पडलेल्या मनुष्याला जमिनीचा दर, सिमेंटचा भाव, महापालिकेतील साहेबांचा स्वभाव आणि ज्योतिषाचा कौल एवढ्या चार गोष्टी कळल्या म्हणजे पुरे होत असत, असा एक काळ पुण्यात होऊन गेला. त्या काळी ज्या गृहस्थाला सदनिका घ्यावयाची असे तो स्वतः होऊन पेढीवर येई, वहाणा दाराशी काढी, आणि खुर्चीच्या कडेवर बसून, आवाज शक्य तितका खाली आणून, ‘‘शेठ, तीन खोल्यांचं काही शिल्लक आहे का?’’ अशी पृच्छा करी. शेठ वहीत नाव मांडीत आणि चहा सांगत. ग्राहकसंबंध म्हणून जे काही असते ते तेवढ्यात प्रस्थापित होऊन जाई.

आता गृहस्थ येत नाही. त्याचा मोबाइल क्रमांक येतो. तो पोर्टलवरून येतो, फेसबुकवरील जाहिरातीवरून येतो, चांदणी चौकातला फलक पाहून येतो, एजंटामार्फत शेवटचे चारच आकडे घेऊन येतो, आणि पुष्कळदा नातवाच्या हातून भलतीकडे बोट लागल्यामुळेही येतो. या दशदिशांनी लोटणाऱ्या क्रमांकांची आवक नोंदवावी, त्यांतला कोण गरम, कोण कोमट आणि कोण थंड याची प्रतवारी लावावी, प्रत्येकामागे तगाद्याचे फोन लावावेत, आणि अखेर जो गळाला लागेल त्याचा करारनामा, हप्ते, पावत्या आणि ताबा इथपर्यंतचे सारे दफ्तर राखावे, यासाठी जी संगणकीय यंत्रणा पेढीपेढीतून तैनात केलेली असते तिला सीआरएम असे म्हणतात. ही यंत्रणाही मनुष्यमात्राप्रमाणे वार्धक्य पावते; परंतु मनुष्याचे केस पिकतात, हिचे काहीच पिकत नाही, आणि म्हणूनच तिला पेन्शनीत केव्हा काढावे हा प्रश्न शेठलोकांना वर्षानुवर्षे छळीत राहतो.

बाणेरकडील अशा एका पेढीत माझे जुने स्नेही हिशेबनीस आहेत, आणि निवृत्तीनंतर माझा दुपारचा चहा बहुधा तेथेच होत असल्यामुळे, या प्रश्नाची कैफियत मला दोन्ही पक्षांच्या तोंडून ऐकावयास मिळालेली आहे. शेठ म्हणतात, ‘‘सॉफ्टवेअर उत्तम आहे, पोरं भरत नाहीत.’’ पोरे म्हणतात, ‘‘काका, भरलं तरी नंतर सापडत नाही.’’ दोघेही खरे बोलतात, हाच या मुकदम्यातील पेच आहे.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपन्यांची माहितीपत्रके चाळली तर त्यांत यंत्रणा बदलण्याची वेळ आल्याची लक्षणे मोठ्या कळकळीने दिलेली आढळतात. मात्र ती अशा खुबीने लिहिलेली असतात की कोणत्याही पेढीला ती कोणत्याही दिवशी लागू पडावीत आणि वाचणाऱ्याला आपले काही खरे नाही असे वाटू लागावे. माझ्या मते खरे लक्षण एकच आहे, आणि ते पाहण्यासाठी संगणकाजवळ जावेच लागत नाही. ग्राहकांना फोन करणाऱ्या बाईंच्या टेबलाचा उजवा खण उघडावा. त्यात पुठ्ठ्याच्या बांधणीची, कोपरे मुडपलेली, मध्ये बॉलपेन खुपसलेली एक दोनशेपानी वही आढळली, तर निदान झाले असे समजावे.

या वहीतले एक पान मी बाईंच्या अनुज्ञेने वाचलेले आहे. त्यावर निळ्या शाईत असा मजकूर होता: ‘‘हिंजवडीचे आयटीवाले. गुरुवारी फोन नको, उपास असतो, चिडतात. मॅडमना दार पूर्वेला हवं. पैसे सासरे देणार, त्यांच्याशी आधी बोलावं, आवाज मोठा ठेवावा, कमी ऐकू येतं. समोरच्या साइटवर पण जाऊन आलेत, सांगत नाहीत.’’ एका कुटुंबाचे सारे अर्थकारण, धर्मकारण आणि परराष्ट्रधोरण चार ओळींत सामावलेला हा ऐवज वाचून मी थक्क झालो, आणि केवळ कुतूहलापोटी याच गृहस्थांविषयी सॉफ्टवेअरचे काय म्हणणे आहे ते पाहावयास सांगितले. बाईंनी क्रमांक घातला, काही काळ पडद्यावर एक चक्र फिरत राहिले, आणि मग अक्षरे उमटली: ‘आरएनआर’. म्हणजे घंटा वाजली, कोणी उचलले नाही.

दोष बाईंचा नव्हता. सॉफ्टवेअरने त्यांना निवडीसाठी जे पर्याय दिलेले होते त्यांत ‘इंटरेस्टेड’, ‘नॉट इंटरेस्टेड’, ‘कॉल बॅक’, ‘आरएनआर’ आणि ‘जंक’ एवढेच होते. सासऱ्यांच्या कानांसाठी रकानाच नव्हता. शेऱ्याची म्हणून एक चौकट होती खरी, परंतु तीत लिहिलेले दुसऱ्या दिवशी कोठे उघडते हे पेढीतील कोणासच ठाऊक नव्हते. अशा रीतीने पेढीचे ज्ञान खणात आणि पेढीचा खर्च पडद्यावर अशी वाटणी झाली, म्हणजे सॉफ्टवेअर बदलावे की न बदलावे हा प्रश्न वस्तुतः उरतच नाही. ते बदललेले असते. वहीने त्याचा कारभार केव्हाच हाती घेतलेला असतो, आणि वर्गणी तेवढी गादीवरून उतरलेल्या मालकाला इमानेइतबारे पोहोचत असते.

एकच गृहस्थ तीन रूपांनी प्रकट होणे हेही या वार्धक्याचेच चिन्ह होय. तो रात्री पोर्टलवर आपले नाव टाकतो. सकाळी त्याची पत्नी एजंटाला स्वतःचा क्रमांक देते. आणि रविवारी दोघेही, वाकडला मावशीकडे जाता जाता, फलक पाहून सरळ साइटवर येतात. जाणत्या सॉफ्टवेअरने ही तिन्ही रूपे एकच आहेत हे ओळखावे अशी अपेक्षा असते. परंतु एके ठिकाणी क्रमांकाआधी शून्य, दुसरीकडे अधिक एक्याण्णव आणि तिसरीकडे मध्येच मोकळी जागा असली, की आमच्या पेढीतल्या यंत्रणेस अद्वैताचा बोध होत नाही. परिणामी त्या दांपत्याला सोमवारी तीन निरनिराळ्या मुलांचे फोन जातात आणि तीन निरनिराळे दर ऐकू येतात. पुण्याचा ग्राहक तिन्ही दर शांतपणे कागदावर उतरवून घेतो, सर्वांत खालच्याला अधोरेखित करतो, आणि तो कागद घेऊन शेठना भेटावयास येतो. घासाघीस करण्यासाठी इतके प्रभावी साधन ग्राहकाला आजवर कोणी फुकट पुरवलेले नव्हते.

एजंटांचा प्रश्न याहून बिकट. त्यांना हल्ली चॅनेल पार्टनर म्हणतात. २०१६ च्या रेरा कायद्याने त्यांना नोंदणी करावी लागते, आणि महारेराने अलीकडे त्यांना परीक्षेसही बसविले आहे, त्यामुळे पूर्वी कट्ट्यावर चालणारा हा व्यवसाय आता प्रमाणपत्र भिंतीवर लावून चालतो. ग्राहक आपण आणला हे सिद्ध करण्यासाठी एजंट त्याच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे आधीच कळवून ठेवतो; पूर्ण क्रमांक दिला तर पेढी आपल्याला वगळून परस्पर बोलेल, ही त्याची भीती अगदीच निराधार आहे असे शपथेवर सांगण्यास माझे स्नेही तयार नाहीत. ही नोंद काही ठराविक मुदतीपर्यंत त्याच्या नावे राखून ठेवावयाची असते, आणि ती यंत्रणेत वेळच्या वेळी चढली नाही, की एकाच बुकिंगवर दोन एजंटांची दलाली, दोघांच्याही हातांत व्हॉट्सॲपवरील संदेशाची चित्रे, आणि मध्ये शेठ, असा देखावा पेढीच्या काचेच्या दालनात उभा राहतो. मी असा एक निवाडा बाहेर बसून पाहिला आहे. निकाल सॉफ्टवेअरच्या आधारे लागला नाही. दारावरच्या रखवालदाराच्या आवक-जावक रजिस्टरात, ज्या गाडीतून ते गृहस्थ प्रथम आले तिचा क्रमांक आणि सोबतच्या इसमाची सही होती, तिच्यावर लागला.

यापुढचे लक्षण हिशेबाचे, आणि येथे विनोद जरा महाग पडतो. रेराच्या आमदानीत, करारनाम्याची नोंदणी होईपर्यंत किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही (१९६३ च्या मोफा कायद्याने ही मर्यादा वीस टक्क्यांवर ठेवलेली होती). आणि महाराष्ट्राच्या नमुना करारनाम्याप्रमाणे पुढचे हप्ते बांधकामाच्या पायऱ्यांना जखडलेले असतात: करारनाम्यानंतर ३० टक्क्यांपर्यंत, जोते झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सारे स्लॅब पडल्यावर ७० टक्क्यांपर्यंत, याप्रमाणे. आता जी यंत्रणा मुळात परदेशी मोटारी किंवा विमा विकण्यासाठी घडवलेली आहे, तिला जोते म्हणजे काय हे कसे कळावे? ती पंचांगाप्रमाणे चालते, इमारत पावसाप्रमाणे चालते. मग सातवा स्लॅब पाण्याखाली असताना नवव्याची मागणीपत्रे रवाना होतात, आणि ज्याने भरणा केलेला आहे परंतु ज्याची पावती टॅलीतच राहून गेली, इकडे आलीच नाही, अशा सज्जनाला व्याजाची नोटीस जाते.

अशी एक नोटीस सदाशिव पेठेतील एका निवृत्त गणितशिक्षकांना गेली. त्यांचे उत्तर माझ्या स्नेह्यांनी टेबलाच्या काचेखाली जपून ठेवलेले आहे. ‘‘आपले पत्र पावले,’’ असे त्यांनी लिहिले होते, ‘‘सोबत आपल्याच पावतीची छायाप्रत जोडली आहे. स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर दरात दोन टक्के मिळवून व्याज आकारावयाचे, हा नियम उभयपक्षी असल्याचे आपणांस विदित असेलच. सबब आपल्या ताब्याच्या विलंबाचे व्याज मी पाठीमागे मांडून दाखवले आहे. बेरीज तपासून पाहावी. चूक आढळल्यास कळवावे, आढळणार नाही.’’ शेठनी बेरीज तीनदा तपासली.

आणखी एक गंमत तारखांची. पेढीतले सॉफ्टवेअर तारीख लिहिताना महिना आधी व दिवस मागाहून घेते, आणि पोरे मराठी रीतीने दिवस आधी लिहितात. त्यामुळे पाच जूनला साइट पाहून गेलेला मनुष्य यंत्रणेच्या लेखी सहा मेलाच येऊन गेलेला असतो. बारा तारखेपर्यंत हा गोंधळ निमूटपणे चालतो. तेरा तारीख उजाडली की यंत्रणा एकाएकी हट्टाला पेटते, कारण तेरावा महिना तिला ठाऊक नाही. अधिक मासाची सोय परदेशी कारागिरांनी करून ठेवलेली नसते.

इमारतीत सदनिका किती विकल्या गेल्या, या साध्या प्रश्नाला सॉफ्टवेअर एक उत्तर देते, टॅली दुसरे देते, आणि नमुना सदनिकेच्या भिंतीवर लाल टिकल्या लावलेला जो तक्ता असतो तो तिसरेच देतो. महारेराच्या संकेतस्थळावर दर तिमाहीस बुकिंगची संख्या भरावी लागते. तेव्हा यांतला कोणता आकडा शासनास सादर करावा यासाठी पेढीत जी सभा भरते, तीत अखेरीस टिकल्यांचा तक्ताच विजयी होतो. यास्तव त्या भिंतीला पाच वर्षे रंग देण्यात आलेला नाही.

इतका पुरावा जमल्यावर कोणताही न्यायाधीश सॉफ्टवेअरला दोषी ठरवील. पण आरोपीच्या वतीनेही चार शब्द बोलणे मला प्राप्त आहे. माणशी दरमहा असे भाडे असल्यामुळे, खर्च वाचावा म्हणून, शेठनी पाच मुलांत मिळून एकच प्रवेशनाम घेतलेले आहे. त्याचे नाव ‘सेल्स वन’. यंत्रणेच्या अहवालाप्रमाणे हा सेल्स वन नावाचा इसम एकाच वेळी पुनावळे आणि खराडी येथे साइट दाखवतो, मध्यरात्रीपर्यंत फोन करतो आणि कधीही रजा घेत नाही. गेल्या वर्षी सर्वोत्तम कर्मचाऱ्याचे पारितोषिक कोणाला द्यावे याचा विचार चालला असता पडद्यावर त्याचेच नाव अग्रस्थानी आले होते. तसेच, ग्राहकाची संपूर्ण माहिती हवी या महत्त्वाकांक्षेने शेठनी स्वतः सांगून चाळीसएक रकाने सक्तीचे करवून घेतले आहेत: गाडी कोणती, सध्याचे घर भाड्याचे की मालकीचे, पत्नीचा व्यवसाय, जन्मतारीख, कुत्रे आहे किंवा कसे. उन्हातून आलेल्या, पाणी मागणाऱ्या माणसाला त्याची जन्मतारीख विचारण्याचे धाडस कोणत्या मुलात असणार? तो सर्वांची एक जानेवारी १९९० लिहून मोकळा होतो. परिणामी नववर्षाच्या पहाटे पेढीच्या बहुसंख्य ग्राहकांना, त्यांत ऐंशी वर्षांचे एक आजोबाही आले, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा जातात. यात यंत्रणेचा अपराध तो काय? ती तर दिलेला हुकूम तंतोतंत बजावीत असते.

गळतीची तक्रार घेऊन आलेल्या एका सदनिकाधारकास, तो हिशेबनिसांच्या समोर उभा असतानाच, त्याच इमारतीतील सदनिका त्याने मोजलेल्या दराहून दोनशे रुपये फुटामागे स्वस्त ‘केवळ आपल्यासाठी’ देऊ करणारा संदेश आला, तेव्हाही मला यंत्रणेपेक्षा यादीतून विकत घेतलेल्यांची नावे न वगळणाऱ्या हातांचीच कीव आली. ते गृहस्थ मात्र गळती विसरले.

म्हणून बदल करण्यापूर्वी शेठनी एक पडताळा पाहावा, असे माझे मत आहे. प्रत्येक मुलाला त्याचे स्वतंत्र प्रवेशनाम द्यावे, चाळीस रकान्यांतले सात ठेवून बाकीचे बरखास्त करावेत, आणि दोन महिने वाट पाहावी. एवढ्याने खणातली वही पातळ होऊ लागली, तर सॉफ्टवेअर निर्दोष होते. वही जाडच राहिली, पावत्या टॅलीतून येईनात, मागणीपत्रे स्लॅबच्या पुढे पळू लागली, तर मात्र दयामाया दाखवू नये. हा पडताळा कोणी पाहत नाही, कारण तो फुकट आहे.

त्याऐवजी नव्या कंपनीचा तरुण प्रात्यक्षिकासाठी बोलावला जातो. तो टाय लावून येतो, सर्वांना ‘सर’ म्हणतो, आणि पडद्यावर जे नंदनवन उभे करतो त्यात एकच ग्राहक वास करीत असतो: नाव टेस्ट, आडनाव टेस्ट, मोबाइलचे दहाही आकडे नऊ, बजेट एक कोटी. हा टेस्ट टेस्ट वेळेवर साइट पाहतो, पहिल्या फोनला उचलतो, घासाघीस करीत नाही, आणि हप्ता मागणीपत्राच्या आधी भरतो. असा ग्राहक मिळत असेल तर वहीतही व्यवहार उत्तम होईल, हे शेठच्या ध्यानात येत नाही. ते भारावून जातात, आणि चहाबरोबर खारी मागवतात.

त्या तरुणाला विचारावा असा प्रश्न एकच आहे, आणि तो जुन्या कंपनीलाही विचारावा: आमची सगळी नावे, सगळे शेरे, सगळ्या पावत्या, उद्या मागितल्या तर एका फायलीत काढून द्याल काय? जी कंपनी निमूट काढून देते तिला सोडण्याची घाई करू नये. जी आढेवेढे घेते, निराळे शुल्क सांगते, किंवा सहाशे पानांची पीडीएफ पाठवून कर्तव्यमुक्त होते, तिला मात्र त्याच आठवड्यात रजा द्यावी. कारण आपले दफ्तर ज्याच्या घरी ओलीस आहे त्याच्याशी भाडेवाढीची वाटाघाट करता येत नाही. शिवाय वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आलेला असल्यामुळे, दुसऱ्यांची नावे आणि क्रमांक कोठे पडून आहेत याचा जाब आता केवळ आपल्या मनालाच द्यावयाचा उरलेला नाही.

फायल मिळाली म्हणजे संपले असेही नाही. रियासतकार सरदेसायांनी १९३० च्या सुमारास पेशवे दफ्तरातले निवडक कागद वेचून त्यांचे ४५ खंड सिद्ध केले, त्यासाठी मोडी जाणणारी माणसे आणि वर्षे खर्ची पडली. आमच्या पेढीत तेच काम सुट्टीवर आलेल्या भाच्याला दोन दिवसांत करण्यास सांगितले जाते. त्यात जुन्या एक्सेलची एक फायल निघाली. तीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागाच नसे, आणि त्या सरहद्दीवर येऊन यादी एका अर्धवट आडनावाशी थांबलेली होती. तिच्या पलीकडचे लोक तूर्त बेघर आहेत असे मानून भाचा पुढे गेला.

राहता राहिला मुहूर्त. साडेतीन मुहूर्तांना बुकिंगची झुंबड असते. त्या दिवशी यंत्रणेला हात लावणे म्हणजे वेडेपणा. मार्च महिना हिशेबनिसांचा. वर्षात संपूर्ण शांतता असते ती केवळ पितृपक्षात: कोणी साइट पाहावयास येत नाही, कोणी टोकन देत नाही, एजंट गावी जातात, आणि पोरे नमुना सदनिकेच्या गाद्यांवर झोपा काढतात. दफ्तर हलवण्यास याहून सोयीचा पंधरवडा पंचांगात नाही. आणि पितृपक्षात नवे काही करावयाचे नाही, या एका कारणासाठी शेठनी तो आजवर दरवर्षी वाया घालवला आहे.

तेव्हा वाचकांपैकी कोणी या धंद्यात असल्यास त्यांनी भाद्रपदाच्या वद्य पक्षात नावे हलवावीत, नवरात्रात जुनी आणि नवी अशा दोन्ही यंत्रणा शेजारी शेजारी चालवून पावतीला पावती ताडून पाहावी, आणि खंडेनवमीला संगणकास झेंडूची माळ घालून ठेवावी. दसऱ्याला शेठच्या हस्ते नारळ फोडवून घ्यावा. आरंभ केव्हा झाला असे त्यांनी विचारलेच, तर आजच झाला म्हणून सांगावे. तारखेत महिना आधी की दिवस आधी याची खात्री अजून कोणालाच नसल्यामुळे, ते खोटे पाडण्याचा धोका नाही.